माझ्या आजाराची फेड

प्रिय दीना हिला थोरल्या बहिणीचा सलाम,

नाताळात तू दौंडहून आलीस, नर्सचं पांढरं पातळ नेसून. चर्चमधल्या बाया आपापली लेकरं तुझ्यापुढं धरत होत्या. मी मागं बसून जळत होते.

आजारी मी पडले होते, दीना. शिरूरच्या दवाखान्याचं बिल आबांना देता आलं न्हाई, म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरातली एक पोरगी कामाला मागितली. मला उभंही राहवत नव्हतं, म्हणून तुला धाडलं. पट्ट्या धुता धुता तू सुई टोचायला शिकलीस. आन् माझ्या औषधाची बाटली घरी आणून देणारा नथानिएल कंपाउंडर, ज्याची मी खाटेवर पडून वाट बघायचे, तो तुझा नवरा झाला; आता दोघं दौंडच्या दवाखान्यात.

तू गेलीस तवा तुझी कीव येऊन मी रडले होते. ते रडणं आता परत मागावंसं वाटतं.

मला पुन्हा ताप येतोय. आबा म्हणतात, "दीनाकडं जा, घरचीच हाय." न्हाई येणार मी. तू पैसे घ्यायची न्हाईस. नथानिएल बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवील, माझ्या हातात देईल, आन् वर मला ताई म्हणेल.

हे पत्र उशीखालीच राहील.

सालोमी