ईस्टरपेक्षा उंच गुढी

१६ मार्च १९९७, रविवार

जयराज येऊन गेला. सुनंदाचा भाऊ. सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे आणि बोलतो असा, जणू सगळ्या गाड्या त्याच्याच भरवशावर धावतात. ईस्टरला यंदा राणीसाठी गेल्या वर्षीपेक्षा मोठं अंडं आणणार म्हणे, चॉकलेटचं. पूर्वी बेकरीतलं साखरेचं आणायचा, आता फॉरेनचं चॉकलेट इथेच हैदराबादला दुकानात मिळतं. उदारीकरणाचा फायदा आमच्या घराण्यात आजवर एकट्या जयराजला झाला आहे.

राणी लगेच त्याच्या गळ्यात. सात वर्षांची झाली, वजन काही कमी नाही. त्याची मान दुखली असेल अशी आशा आहे.

लग्नाच्या वेळी सुनंदाचं नि माझं ठरलं होतं. ती ख्रिश्चन, मी हिंदू, मुलांना दोन्हीकडचं द्यायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचा ईस्टर, आमचा पाडवा. बरोबरीचा मामला. पण सातही वर्षं पोरगी ईस्टरची वाट बघते आणि पाडव्याला कडुलिंब चाखून थुंकते.

मला हेवा बिलकुल वाटत नाही. नियोजन कमी पडतं, एवढंच. निश्चय: यंदाच्या पाडव्यानंतर राणीने स्वतःच्या तोंडाने म्हटलं पाहिजे की पप्पांचा सण भारी.

१९ मार्च, बुधवार. सायं. ७

मोठा शोध. ऑफिसात एका साप्ताहिकात वाचलं की ईस्टरच्या अंड्याचा बायबलशी काही संबंध नाही. ते तिकडच्या जुन्या लोकांच्या वसंतपूजेतलं आहे, येशूच्या आधीचं. म्हणजे आपल्यासारखीच माणसं, झाडं-पानं पुजणारी! म्हणजे अंडं आमच्या बाजूचं! इन्शुरन्सचे क्लेम तसेच ठेवून घरी आलो. उद्या बघता येतील.

सुनंदाला ऐकवलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, हो, आमचे पास्टर दरवर्षी हेच सांगतात, म्हणून आमच्या चर्चमध्ये अंडी नसतातच. मग हा प्रकार आला कुठून, असं विचारलं. ती म्हणाली, जयराजला राणीचे लाड करायचे असतात, दुसरं काय.

म्हणजे अंडं त्यांच्या धर्माचंही नाही आणि आमच्या धर्माचंही नाही. निव्वळ जयराजचं. हे तर फारच वाईट झालं.

आई म्हणाली, कुणाचं का असेना, मला एक तुकडा ठेवा.

२३ मार्च, रविवार

झावळ्यांचा रविवार. राणी चर्चमधून खजुराचं पान घेऊन आली, त्याचा क्रॉस करून टीव्हीवर ठेवला. मी म्हटलं, आपणही पाडव्याला आंब्याची पानं लावतो की. तिने विचारलं, ती हातात धरून गाणी म्हणत रस्त्यावरून जातात का? मी म्हटलं, नाही, दाराला बांधतात. बरं, म्हणाली. त्या ‘बरं’चा मला दिवसभर त्रास झाला.

आईने पान बघून विचारलं, जयराजने दिलं का? नाही, चर्चने दिलं. तरी म्हणाली, पोरगा गुणाचा आहे हो. माझी सख्खी आई! मालनबाई लक्ष्मणराव. बघून घ्या.

२८ मार्च, गुड फ्रायडे

सुट्टी. आज माझा दिवस, असं सकाळी वाटलं होतं. त्यांचा शोकाचा दिवस, घरात गोड नाही, मामा नाही, अंडं नाही. अशा वेळी जो बाप गरम जिलेबी आणेल तो जिंकला. चिक्कडपल्लीच्या चौकातून किलोभर आणली.

राणीने हात लावला नाही. आज येशूला त्रास झाला होता, खायचं नाही, म्हणाली. सुनंदाचा उपास, तर हिचाही अर्धा उपास. एरवी एक पोळी खाताना हात जोडायला लावते! पाडव्याच्या कडुलिंबाचं एक पान गिळवत नाही आणि इथे जिलेबीला नक्को म्हणते. कुणासाठी? विचारायचं टाळलं.

मी आणि आई जिलेबी संपवली. पोटात जड वाटतंय.

३० मार्च, ईस्टर

पहाटे सगळे सिकंदराबादच्या कब्रस्तानात. त्यांच्यात रीतच आहे. ईस्टरच्या पहाटे घरच्यांच्या कबरी धुऊन, फुलं वाहून मेणबत्त्या लावायच्या. मी दरवर्षी फाटकापाशी स्कूटर सांभाळतो. यंदा नजर ठेवायला आत गेलो.

काय सांगू. शेकडो मेणबत्त्या, लोक गातायत, पोरं कबरींमधून हळूच चालतायत. राणीने तिच्या ताताच्या, म्हणजे सुनंदाच्या वडिलांच्या कबरीवर झेंडू मांडले. मग मला विचारलं, आपले आजोबा कुठे आहेत? मी म्हटलं, नांदेडला, गोदावरीत. नेमकं कुठे? मी म्हटलं, बाई, पाण्यात नेमकं कुठे असं नसतं. तर मग मेणबत्ती कुठे लावू, म्हणाली.

अप्पा गेले त्याला अकरा वर्षं झाली, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

जयराजने पिशवीतून एक जास्तीची मेणबत्ती काढली आणि ताताच्या कबरीच्या कडेला लावायला दिली. राणी मोठ्याने म्हणाली, आजोबा आज ताताकडे पाहुणे आलेत. सुनंदाने डोळे पुसले. मलाही रडू येईल असं वाटलं. पण राग आला. माझ्या बापाला मेणबत्ती लावायची तर ती जयराजच्या पिशवीतून? मला का नाही सुचलं?

नंतर अंडं. नारळाएवढं. चमचमता कागद. मला दिलेला तुकडा मी खाल्ला नाही. (नंतर खाल्ला. बरा होता.)

३ एप्रिल, गुरुवार

कामाला लागलो. आराखडा तयार.
एक, गुढी अशी उंच की खालच्या रस्त्यावरून दिसावी. बांबू पाहून ठेवला. वखारवाल्याने विचारलं, मंडप है क्या साब?
दोन, साखरेच्या गाठी. सुलतान बाजारात आपल्या मराठी लोकांच्या दुकानात मिळाल्या, गुलाबी-पांढऱ्या. गाठी घरभर लपवायच्या आणि राणीने शोधायच्या. जयराज अंडं नुसतं हातात देतो. इथे शोध आहे, बुद्धीला चालना आहे.
तीन, कडुलिंब गुळात इतका घोळायचा की कळूच नये.

सुनंदाला दाखवलं. ती म्हणाली, गाठी रात्री लपवू नका. बायकांना नियोजनातलं कळत नाही.

७ एप्रिल, सोमवार. सायं. ८

गाठी लपवून झाल्या. राणीच्या शाळेच्या बुटात, आईच्या पानाच्या डब्यात, गादीखाली, देवघरामागे. पोरगी झोपली. उद्या जयराजला कळेल. आईने त्याला जेवायला बोलावलंय, मला न विचारता. हरकत नाही. साक्षीदार पाहिजेच.

८ एप्रिल, पाडवा. दुपारी ३

मुंग्या.

बुटात, डब्यात, गादीत, सगळीकडे. हैदराबादच्या मुंग्यांना एवढी बुद्धी असेल असं वाटलं नव्हतं. राणीने पहिली गाठ बुटातून काढली आणि किंचाळली. बोटाला चावल्या. आईने पानाचा डबा उघडून मला जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सुनंदाने झाडू आणला.

मी म्हटलं, गुढी उभी राहिली की सगळं विसरतील. बांबू गॅलरीतून बाहेर काढला, वर रेशमी वस्त्र, कडुलिंब, तांब्या. जरा वर सरकवला तर वर केबलवाल्याच्या तारा. या तारांचं जाळं गेल्या दोन-तीन वर्षांत झालंय, त्याचा हिशेब बांबू घेताना कसा करणार? एक तार अडकली, मी ओढली, ती तुटली. तांब्या वस्त्रासकट खाली पाण्याच्या ड्रममध्ये पडला.

आज तेलुगू लोकांचा उगादी. अख्खी बिल्डिंग टीव्हीसमोर बसून वर्षाचं पंचांग ऐकत होती. सगळ्यांचे पडदे एकदम मुंग्यामुंग्या. मजल्यामजल्यावरून माझं नाव ऐकू आलं. मी चप्पल घालून केबलवाला शोधायला निघालो. तो सणाला मुशीराबादला मेव्हण्याकडे गेलेला. तिथे गेलो तर तो तिथूनही निघालेला.

दीडला परत आलो. गुढी उभी होती.

जयराजने बांबू करवतीने निम्मा केला होता, तार स्वतःच जोडली होती, सिग्नलवाला ना. सुनंदाने लग्नातली साडी काढून दिली होती. तांब्या घासून राणीने स्वतः पालथा घातला, मामाच्या खांद्यावर बसून. आईने पूजा सांगितली. कडुलिंब राणीने खाल्ला म्हणे. मामाने आधी खाल्ला आणि वेडंवाकडं तोंड केलं, म्हणून तिनेही खाऊन वेडंवाकडं तोंड केलं.

सगळे पुरणपोळीवर बसले होते. जयराज उठून म्हणाला, बावा (म्हणजे भावोजी), या, तुमच्यासाठी थांबलो होतो. त्याच्या ताटात दुसरी पोळी होती. शेजारचे लोक जयराजला उगादीची पचडी, कडुलिंब-गूळ-कैरीची, देऊन गेले. त्यालाच.

तरी एकंदरीत पाडवा यशस्वी. राणी फार खूश होती. कल्पना सगळ्या माझ्याच होत्या.

९ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी राणी खडू घेऊन फरशीवर चौकटी काढत बसली होती. सगळ्यांना सण वाटत होती म्हणे. हाच मोका म्हणून मी शेजारी बसलो. विचारलं, पाडवा कुणाचा?

मामाचा, म्हणाली. मामाच तर उभा करतो.

मी म्हटलं, आणि ईस्टर? तोही मामाचा. ख्रिसमस मम्मीचा, संक्रांत आजीची, कारण तिळगूळ आजी करते. दिवाळी तिने स्वतःला ठेवली होती. दसरा खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला दिला होता, तिच्याकडे बाहुल्या मांडतात म्हणून.

मी म्हटलं, आणि माझा? तिने फरशीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाली, पप्पा, तुम्ही सणाच्या दिवशी बाहेर गेलेले असता ना, म्हणून राहून गेलं.

मग खडू उचलून कोपऱ्यात एक छोटी चौकट काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, पंधरा ऑगस्ट अजून कुणाचा नाही. तो घेता का?

मी घेतला.