खुशबूचं बोट

गडचिरोली
१४ जुलै १९९८

प्रिय हेमराजभाऊ,
सप्रेम जयभीम.

वहिनी बरी असेल. आईची बीपीची गोळी चुकवू नका. खुशाली विचारून झाली, आता भांडते.

आमच्या केंद्रातलं कान तपासायचं मशीन तू मागच्या उन्हाळ्यात दुरुस्त करून दिलंस. आतला काचेच्या नळीतला, आवाज न करता सूर जोडणारा-तोडणारा बारका रीड रिले फुटला होता. तसाच नागपूरहून मागव, असं मी बजावलं होतं. मुलाच्या कानात अगदी बारीक सूर सोडायचा असतो. तो जोडताना दुसरा आवाज मिसळला की तपासणी वाया. तू काय म्हणालास? "रिले म्हंजे रिले. चालू होते, बंद होते. तुले काऊन येवढी काळजी?" आणि जुन्या स्टॅबिलायझरमधला काढून बसवलास!

काल कलाबाई आली होती. वैनगंगेकाठची, मासे धरणाऱ्या घरातली. सोबत सहा वर्षांची खुशबू. हिच्या कागदावर मी वर्षापूर्वी 'ऐकू येते' असं लिहिलं होतं.

"बाई, तुमीच लिवून देल्लं ना आयकते म्हून? हाक मारली तं पाहत नाई. मुजोर समजून मारलं मी तिले. लय मारलं."

मी खुशबूला हेडफोन लावला, सूर ऐकू आला की बोट वर कर असं खुणेने सांगितलं. सूर पार शून्यावर नेला आणि बटण दाबलं. तिने बोट वर केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बोट. शाबासकीसाठी माझ्याकडे बघून हसली. मग हेडफोन मी लावला. सूर नव्हताच, नुसता कानात आदळणारा टक्! आवाज कितीही कमी करा, तुझ्या रिलेचा टक् तेवढाच. पोर वर्षापूर्वीही त्यालाच बोट वर करत होती. सूर तिला ऐकूच येत नाही, भाऊ.

तुझ्या दुकानातला रेडिओ खरखरला तर गिऱ्हाईक परत येऊन बोंब मारतं. ही पोर कोणाला काय सांगणार होती? तुझा मला भयंकर राग आलाय.

तुझ्या दुरुस्तीनंतर एकवीस मुलं तपासली. साऱ्यांच्या घरी जायचं आहे आणि तू माझ्यासोबत येशील. दुकान बंद ठेव.

इथवर लिहून कागद दोनदा बाजूला सारला. मशीन तुझ्याकडून आलं त्याच दिवशी मी हेडफोन लावून पाहिलं होतं. टक् मला तेव्हाच ऐकू आला होता. केंद्राच्या डॉक्टरांना दुरुस्तीसाठी तुझं नाव मीच सुचवलं होतं. आता भावाचं काम वाईट आहे असं कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून गप्प बसले. 'मशीन ठीक' लिहून सही केली. आज डॉक्टरांना सगळं लेखी दिलं आहे, आधी माझं नाव, मग तुझं.

कलाबाईला मात्र "मशीन बिघडलं होतं" एवढंच बोलले. ती माझ्याच पाया पडून गेली. रविवारी पहिलं दार तिचं. सकाळच्या एसटीने ये.

दोन्ही कान शाबूत असलेली
तुझी बहीण
रीता