एका पानाला लागणारा वेळ

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

भवानी पेठ, सोलापूर
१२ मे २०२५

ती. शिवयोगीमामांच्या चरणी भुवनेश्वरीचे शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून तुम्हाला धस्स होईल म्हणून आधीच लिहिते, घरी सगळे खुशाल आहेत. फोन केला असता, पण तुमच्या कानांपायी मला ओरडून बोलावं लागतं आणि मी ओरडले की आमची अख्खी गल्ली ऐकते. हे काम ओरडून सांगण्यासारखं नाही.

मामा, मी कादंबरी लिहिली आहे. हसू नका. तीन वर्षं दुपारची भांडी आवरली की लिहीत होते. दुकानदारांनी वाटलेल्या कॅलेंडरांची पाठ कोरी असते, ती वाया का घालवायची? एका घरातल्या दोन जावांची गोष्ट आहे. यांना सांगितलं, हे नुसते बरं म्हणाले. ईरम्माअक्कांना मात्र सांगितलेलं नाही. थोरले भावोजी गेल्यापासून घर अक्कांच्या शब्दावर चालतं. दर सोमवारी पेठेतल्या वीस-बावीस बायका त्यांची पोथी ऐकायला आमच्या पुढच्या खोलीत बसतात. एवढा मान असलेल्या जाऊबाईंना मी कोणत्या तोंडानं सांगू की मॅट्रिकपर्यंत शिकलेली तुमची धाकटी जाऊ लेखिका झाली?

पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवली होती. सहा महिन्यांनी एका ओळीचा नकार आला. तुम्ही कारखान्यात कारकुनी करता करता दोन पुस्तकं स्वतःची स्वतः छापलीत, म्हणून विचारते की हे कसं करतात आणि कुठे फसतात.

दुसरी अडचण मोठी आहे. गोष्टीतली थोरली जाऊ गंगव्वा. ती पहाटे उठते, पूजा करते, सगळ्यांना जेवू घालते, कुणाला दुखवत नाही. वाचताना मलाच जांभई येते. देवळातल्या मूर्तीसारखी झाली आहे, हार घालावा, पाया पडावं आणि निघावं. तिला जिवंत कसं करू? रोज पूजेला बसले की तेवढंच मागते, माझं हसं होऊ देऊ नकोस.

मामींना नमस्कार. उत्तर पाकिटातच पाठवा, कार्डावर नको. तुमची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
भुवनेश्वरी

&nbsp;

।। श्री ।।

श्रीपूर
२१ मे २०२५

चि. सौ. भुवनेश्वरीस शिवयोगीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हसलो नाही. तुझी मामी हसली, पण ती आनंदानं. म्हणाली, लहानपणी आमच्या कॅलेंडरवर चित्रं काढून मार खाल्लेली हीच ती.

आधी छपाईचं सांगतो. दोनशेच प्रती काढ. मी पहिल्या वेळी हजार काढल्या, त्यातल्या सहाशे अजून आमच्या पलंगाखाली आहेत आणि मामी झाडू मारताना रोज त्यांचा उद्धार करते. छापखान्याला सगळी रक्कम आधी देऊ नकोस. पुस्तकाचा तो लांबलचक आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देतं, त्याचे कुणी पैसे मागितले तर हात जोडून बाहेर पड. मुद्रितं तीनदा तपास, आणि तिसऱ्यांदा शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे ये, म्हणजे गोष्टीत न गुंतता नुसती अक्षरं दिसतात. मुखपृष्ठावर सूर्यास्त नको. तुमच्या पेठेतला प्रभुलिंग छापखानेवाला माझ्या ओळखीचा आहे, माणूस सरळ आहे.

आता गंगव्वा. मी पस्तीस वर्षं हजेरीपटावर नावं लिहिली. नाव लिहून माणूस कळत नाही. तो आज उशिरा का आला, आणि त्याबद्दल खोटं काय बोलला, हे कळलं की माणूस दिसायला लागतो. तुझी गंगव्वा कधी खोटं बोलते का? सगळ्यांपासून ती काय लपवते? ते शोध. मनानं रचू नकोस, डोळ्यांनी पाहिलेलं एक खरं घे. आणि एखादी लकब दे. पोथी वाचत असेल तर थुंकी लावून पान उलटू दे, आपल्याकडे सगळे म्हातारे तसंच करतात, वाचणाऱ्याला लगेच ओळखीचं वाटतं.

भिऊ नकोस. जेवढी भीती जास्त तेवढं लिहिणं खरं, असं आपलं मला वाटतं. आठवण ठेवून खुशाली कळवत जा, आम्ही दोघं वाटेकडे डोळे लावून असतो.

तुझा
शिवयोगीमामा

&nbsp;

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

भवानी पेठ, सोलापूर
१८ जुलै २०२५

ती. मामांस भुवनेश्वरीचे शि. सा. न.

मामा, हे पत्र वाचून फाडून टाका.

पुस्तकं आली. दोनशे प्रती, मुखपृष्ठावर सूर्यास्त नाही, शुद्धलेखनाच्या चार चुका सोडल्या तर सगळं नीट. गंगव्वाही जिवंत झाली. इतकी जिवंत झाली की प्रभुलिंगांच्या बायकोनं मुद्रित वाचता वाचता मला विचारलं, ही बाई आपल्याच पेठेतली का हो? 

तुम्ही लिहिलंत की डोळ्यांनी पाहिलेलं एक खरं घे. मी घेतलं. काय घेतलं ते आता सांगते. सोळा वर्षांपूर्वी श्रावणाच्या तोंडावर घर झाडायला काढलं होतं. पोथीची पानं सुटी आहेत, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर कापड बांधतात. ती माझ्या हातून पडली आणि मी घाईत कशीही गोळा करून बांधली. सोमवारी अक्का वाचायला बसल्या. मी अगदी शेजारी होते. समोर नववा अध्याय होता आणि अक्का तिसरा म्हणत होत्या. एक अक्षर चुकलं नाही. पान संपलं की उलटत होत्या, डोळे ओळींवरून फिरत होते. अक्कांना वाचता येत नाही, मामा. सगळी पोथी पाठ आहे. त्या उठल्यावर मी पानं क्रमानं लावली आणि आजवर कुणाजवळ, अगदी यांच्याजवळही, बोलले नाही.

आणि ते मी सत्याऐंशीव्या पानावर छापलं. गंगव्वा थुंकी लावून पान उलटते आणि समोर भलताच अध्याय असतो. लिहिताना वाटलं, हेच ते खरं. या नावाची बाई आहे कुठे, असं स्वतःला समजावलं. पण पोथी वाचणारी थोरली जाऊ या पेठेत दुसरी आहे कोण?

अजून ऐका. यांनी जेवताना पुस्तकाचं सांगून टाकलं. अक्कांना एवढा आनंद झाला की त्या त्याच पावली मठात जाऊन श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, ११ ऑगस्टला, प्रकाशन ठरवून आल्या. गल्लीभर सांगत सुटल्या, आमच्या धाकटीचं पुस्तक आलंय की. स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्या दिवशी बायका पुस्तकं घरी नेतील, वाचतील, आणि पुढच्या सोमवारी पोथी ऐकायला येतील त्या अक्कांच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघतील. पस्तीस वर्षांचा मान जाईल, आणि तो मी घालवलेला असेल.

सगळ्यात वाईट म्हणजे अक्का म्हणाल्या की चष्मा बदलायला टाकलाय, तर रोज दुपारी तूच मला वाचून दाखव. कालपासून सुरुवात झाली. रोज पाच-सहा पानं ऐकतात. सत्याऐंशी किती लांब आहे ते मी बोटांवर मोजते.  काय करू ते लगेच कळवा. या घाबरटीवरचं छत्र काढून घेऊ नका.

भुवनेश्वरी

&nbsp;

श्रीपूर
२३ जुलै २०२५

चि. सौ. भुवनेश्वरीस आशीर्वाद.

चूक माझी आहे. एक खरं घे म्हणालो, पण ते तीन घरांतून थोडं थोडं घ्यावं हे सांगायला विसरलो. मीही ते उशिराच शिकलो. माझ्या पहिल्या पुस्तकात कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या रुद्रप्पाचं तोतरं बोलणं होतं तसं उतरवलं होतं. लोकांनी ओळखलं, चिडवलं. माझा एवढा जिवलग माणूस, मरेपर्यंत नऊ वर्षं माझ्याशी बोलला नाही. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

ते पान वाचताना गाळ. अक्कांना कळायचं कारण नाही, दोन पानं एकदम उलट आणि पुढे जा. आणि मग सगळ्या प्रतींतून ते पान ब्लेडनं काप. पुस्तकाचं वाटोळं झालं तरी चालेल. पुस्तक परत छापता येतं.

मामीला सांगितलं नाही, पण ती ओळखून आहे, देवापुढे दिवा लावून बसली आहे. काय झालं ते लगेच कळव.

शिवयोगीमामा

&nbsp;

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

भवानी पेठ, सोलापूर
५ ऑगस्ट २०२५

ती. मामांच्या चरणी भुवनेश्वरीचे शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. शनिवारी दुपारी अक्का मेथी निवडत बसल्या होत्या, डोळे भाजीत. मी शहाऐंशी संपवलं, दोन पानं एकदम उलटली आणि एकोणनव्वदपासून वाचायला लागले. आवाज बदलू दिला नाही. चार ओळी झाल्या असतील, अक्का मान वर न करता म्हणाल्या की तू एक पान गाळलंस.

मी म्हटलं नाही हो, कुठे. तर म्हणाल्या, दोन पानांचा आवाज एका पानासारखा नसतो. आणि म्हणाल्या, एका पानाला वेळ किती लागतो, हे या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

मामा, त्या क्षणी मला कळलं की आता लपवणं म्हणजे त्यांना आणखी एकदा फसवणं आहे. गुरूचं नाव घेतलं आणि मागे जाऊन ते पान वाचलं. अक्षरांकडे बघवेना, पण मीच लिहिलेलं, मलाही पाठच होतं.

वाचून झालं तरी त्या मेथी निवडतच होत्या. काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात जात होती. मग विचारलं, तुला कधीपासून ठाऊक आहे. मी सांगितलं. सोळा वर्षं, म्हणाल्या, सोळा वर्षं हात जोडून समोर बसलीस ते कशाला? मी म्हटलं, पोथी बरोबर होती म्हणून. एक शब्द कधी चुकला नाही म्हणून. त्या उठून आत गेल्या.

दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरी थापायच्या त्या परातीकडे बघत, वाढायच्या त्या ताटाकडे बघत. सोमवार आला. बायका जमल्या. मला वाटलं आज पोथी उघडणारच नाहीत. उघडली. वाचली. पण पहिल्यांदाच मधे अडखळल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या ओठांवर पुढची ओळ आली ती मी हळूच म्हटली. त्यांनी ती धरली आणि पुढे गेल्या. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

बायका गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि स्वतःहूनच सांगू लागल्या. माहेरी वडील पोथी वाचायचे, अक्का दाराआड बसून ऐकायच्या. शाळेत कुणी घातलंच नाही. ऐकून ऐकून पोथी पाठ झाली, पान कुठे उलटतं तेही पाठ झालं. लग्न होऊन आल्या आणि सासूबाईंनी चार पाहुण्यांसमोर पोथी हातात देऊन म्हटलं, थोरली सून, वाच. नाही कसं म्हणणार? एक दिवस निभावलं, मग रोजच निभावावं लागलं. दर सोमवारी भीती वाटायची, म्हणाल्या, अजून वाटते. मामा, मी त्यांना भीत होते आणि त्या सगळ्या पेठेला भीत होत्या. एका घरात राहून आम्हा दोघींना ते ठाऊक नव्हतं.

मी ब्लेड आणलं होतं ते दाखवलं. त्यांनी सरळ कानडीत ‘बेड’ म्हटलं, नको. कापलेल्या पानाचं पुस्तक दिसलं की लोक कापलेलं पानच शोधत बसतात. नाव गंगव्वा आहे ना, मग ती गंगव्वा. पण एक मात्र साफ चूक लिहिलंयस, म्हणाल्या, आणि आवाज जो चढला तो अगदी पूर्वीसारखा. पोथीला कुणी थुंकी लावतं का? उष्टं बोट? देवाच्या अक्षराला? असली बाई पोथीजवळ बसायच्या लायकीची नाही, तिच्यावर कोण विश्वास ठेवेल?

म्हणून आज दुपारी दोघी बसलो. अक्का गठ्ठ्यातली प्रत काढून उघडून धरायच्या, मी सत्याऐंशीवं पान काढून ‘थुंकी लावून’ या दोन शब्दांवर रेघ मारायची. गंगव्वाने पान उलटले, एवढंच उरतं. पन्नास झाल्या, ऐंशी झाल्या. शंभराच्या पुढची कुठलीशी प्रत असेल, मी शब्द शोधते आहे तोच अक्कांचं बोट त्यावर येऊन थांबलं. बरोबर ‘थुंकी’वर.  पुढच्या प्रतीत पुन्हा बोट, त्याच्या पुढच्या प्रतीत पुन्हा. उरलेल्या प्रतींत मी शब्द शोधलाच नाही, त्यांच्या बोटापुढे रेघ मारत गेले.

सोमवारची भीती अजून आहे. कुणी तरी ओळखेलच. तुम्ही आणि मामी नक्की या, आमच्या दोघींच्या मागे बसा. जीव लावला आहे तो असाच लावून ठेवा.

तुमची
भुवनेश्वरी

ता. क. अक्का शेजारी बसून सांगताहेत, मी त्यांच्याच शब्दांत लिहिते:

मामा, शरणार्थ. तुमी एवढे शिकलेले, आणि पोरीला सांगितलं काय, तर पोथीला थुंकी लाव. तुमच्या श्रीपुरात लावत असाल, आमच्यात न्हाय लावत. दोनशे पुस्तकांत खोडाया लागलं, हात भरून आले की माझे. सोमवारी लवकर या, भाकरी हितंच खायची. तुमची भाची लई भित्री हाय, रडून रडून डोळे सुजवलेत. तिला म्हणलं, कुणी इचारलं की ही गंगव्वा कोण, तर मी पुढं होऊन सांगीन, मला काय ठावं, मी पुस्तक वाचलंय, चांगलं हाय. खोटं न्हाय बोलत मी. दोन शब्द वाचलेत. किती वाचलं ते कोण इचारतंय?