रूथला राजापूरला नेते आहे

शमुवेल,

तू बंदरावर मासळी आणायला गेलास, तेवढ्यात मी रूथला घेऊन तुझ्या मामाकडे राजापूरला निघाले. तिला बोल लावू नको, ती यायला नाहीच म्हणत होती. मूल पोटातच गेलं त्याला आठवडा झाला नाही, आणि काल तू तिला सांगतोस, रविवारची गिऱ्हाइकं येतील, खानावळीत पोळ्यांना उभी राहा. शब्बाथ, रविवारचा विसावा, जुन्या लोकांचा, देव काळीज बघतो, वार बघत नाही, हे तुझं नेहमीचं. बघतो ना. मग तुझं कसलं दिसलं असेल त्याला? शास्त्रात विसावा दासीला सांगितलाय, बैलाला, गाढवालासुद्धा. तुझी बायको त्यातली कुणीच नाही?

भात-कालवण शनिवारीच करून ठेवलंय, फडताळात आहे. खानावळ उघडायची तर उघड, पोळ्या तूच लाट. तिला न्यायला येऊ नको. ती म्हणेल तेव्हा मी आणून सोडीन.

रविवारी मी कधी एसटीत पाय ठेवला नाही. तुझे बाबा मुंबईत रविवारी गेले, तेव्हासुद्धा सोमवारची गाडी धरली आणि मातीला पोचले नाही. आज बसते आहे. देवाला जाब मी देईन.

आई