मनकर्णाबाईंनी आणलेलं मशीन

४ एप्रिल

एकदाची हैदराबादला पोचले. आत्याचं घर अंबरपेठेत, तिसऱ्या मजल्यावर. मला गच्चीला लागून असलेली खोली मिळाली आहे. खिडकीतून खाली टेलरचं दुकान आणि रस्त्यावर रचलेले कलिंगडांचे ढीग दिसतात. ऊन नांदेडसारखंच, पण संध्याकाळी इथं वारा सुटतो. आत्यानं माझ्यासाठी वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. तिनं जेवताना शिकवलं की इथं 'नको' म्हणायचं नाही, 'नक्को' म्हणायचं, म्हणजे रिक्षावाला परकी समजत नाही. आम्ही दोघी खूप हसलो.

उद्यापासून कामावर. पप्पांनी निघताना ही डायरी दिली आणि रोज थोडं तरी मराठीत लिहीत जा म्हणाले. लिहीन.

५ एप्रिल

दुकान मलकपेठेत, मेट्रोच्या खांबांपासून जरा आत. इथं गेम खेळणाऱ्यांचे कॉम्प्युटर बनवतात आणि दुरुस्त करतात. मालक प्रतापराव चाळिशीचे, दाढी कोरलेली, अंगाला अत्तराचा वास. यांचे पणजोबा निजामाच्या राज्यातले शेतकरी, आता सगळं घराणं धंद्यात. बोलतात मराठीच, पण मध्येच 'हो'चं 'हौ' आणि 'कशाला'चं 'कायको'. त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं, वडील काय करतात ते विचारलं, जरा थांबले आणि म्हणाले, ठीक आहे, काम येतं ना, मग झालं. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

काउंटरवर संदेश असतो. नल्लकुंट्याहून येतो. अबोल आहे, पण आल्या आल्या माझ्यासाठी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेऊन आला.

दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे. दुरुस्त झालेली मशीनं तिथं तासन्‌तास पूर्ण जोरात चालवून बघतात, म्हणून एसी कायम सोळावर. सगळे तिला थंड खोली म्हणतात. प्रतापराव तिकडे फिरकत नाहीत.

पहिलंच मशीन खेळता खेळता बंद पडणारं होतं. उघडलं तर पंख्यात कबुतराचं पीस. मी सबंध दिवस खुशीत होते.

११ एप्रिल

प्रतापराव निजामाबादला लग्नाला गेलेत. दुपारी एक बाई रिक्षातून उतरल्या. साठीच्या, किडकिडीत, पांढरं सुती पातळ. रिक्षावाल्यानं त्यांच्यामागून एक भलंमोठं काळं कॅबिनेट आणून ठेवलं. असं मशीन गेम खेळणाऱ्या पैसेवाल्या पोरांकडे असतं, म्हणून मला नवल वाटलं. मी नांदेडची आहे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला.

"माझ्या लेकाचं आहे. फार तापतं, पोरी," त्या म्हणाल्या.

कधी बंद पडतं, असं विचारलं तर म्हणाल्या, दुपारचं. घाई नाही म्हणाल्या, कितीही दिवस राहू दे. मग मालक रोज बसतात का, कुठं बसतात, तेही विचारलं. पावतीवर नाव सांगितलं, मनकर्णा.

संदेश जेवण घेऊन येत होता. त्यांना बघून पायरीवरच थांबला आणि त्या गेल्यावरच आत आला. जेवला नाही.

१२ एप्रिल

मनकर्णाबाईंचं मशीन पूर्ण खोललं. आत धूळ नाही. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावली. पंखे सगळे फिरतात, हवा पुढून आत आणि मागून बाहेर जाते, त्यातही चूक नाही. चालू केलं तर तापमान छत्तीस. गेम लावला तर साठ. सकाळभर चाललं, एकदाही अडखळलं नाही. बाईंचा गैरसमज असावा.

१४ एप्रिल

सुट्टी. आत्याबरोबर जयंतीच्या मिरवणुकीला गेले. निळा गुलाल अजून केसांत आहे. छान दिवस.

१५ एप्रिल

प्रतापराव परत आले. जेवण करून ते केबिनमध्ये बसले आणि त्याच वेळी टेबलावरचं मनकर्णाबाईंचं मशीन तापायला लागलं. काहीच काम चालू नसताना साठ, ऐंशी, पंच्याण्णव, आणि बंद. मी पॉवर सप्लाय बदलून बघितला, रॅम बदलली, ड्रायव्हर काढून नव्यानं टाकले. तेच. ते संध्याकाळी घरी गेले आणि तापमान छत्तीसवर आलं.

बंद पडायच्या आधी पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन येतात. ग्राफिक्स कार्डची मेमरी गेली की असं होतं. पण मी दुसरं, कोरं कार्ड घालून बघितलं, तरी चौकोन आले, आणि त्याच जागी.

१७ एप्रिल

मॉनिटर आणि केबलही बदलून झाली. स्क्रीनशॉट काढला तर त्यात चौकोन आहेत, म्हणजे बिघाड पडद्यात नाही, आतच आहे. पण रोज चौकोन वाढतायत आणि ते कसेही पडत नाहीत. आज लांब उभी राहून बघितलं. कडेला रॅक, समोर दार. थंड खोलीच आहे ती. खोलीच्या आतून दिसते तशी.

संदेशला दाखवलं. त्यानं हात पुढे करून मशीनचा प्लग काढला आणि हे परत लावू नकोस म्हणाला.

१८ एप्रिल

प्रतापरावांनी पावती बघितली. नाव वाचलं आणि त्यांच्या मानेवर घाम आला. हे कुणी घेतलं, असं हळू आवाजात विचारलं. मी घेतलं म्हटल्यावर म्हणाले की आजच परत पाठव. फोन लावला, कुणी उचलत नाही. पत्ता दिलाय तिथं कुलूप.

दुपारभर ते पाणी पीत होते. ओला रुमाल मानेवर टाकून बसले. मला तर केबिनमध्ये गारच वाटलं.

२१ एप्रिल

संदेशनं सांगितलं. दुकानात नाही, समोरच्या हॉटेलात बसून, खाली बघत.

माझ्या जागी आधी नागसेन होता. मनकर्णाबाईंचा एकुलता एक. हुशार, हात अगदी हलका. पडलेले सुटे भाग जमवून त्यानं स्वतःचं मशीन बांधलं होतं, तेच हे. मागच्या उन्हाळ्यात एक महाग कार्ड सापडेना. प्रतापरावांनी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. तुमच्या लोकांना आत घेतलं की हेच होतं, असं सगळ्यांसमोर म्हणाले. नागसेन थंड खोलीत काम करत होता. त्यांनी बाहेरून कडी घातली, कबूल होईपर्यंत उघडायचं नाही असं संदेशला बजावलं आणि जेवायला गेले. आत सगळी मशीनं चालू होती. एसी मध्येच बंद पडला.

नागसेननं दार वाजवलं. खूप वेळ वाजवलं. संदेश काउंटरवर बसून राहिला.

प्रतापराव परत आले तेव्हा आत सगळं संपलं होतं. हार्टचा त्रास होता म्हणून लिहून घेतलं गेलं. कार्ड पुढं प्रतापरावांच्याच गाडीत सीटखाली मिळालं. म्हातारी महिनाभर पायरीवर येऊन बसायची.

मी संदेशला विचारलं, तू का नाही उघडलंस? तो म्हणाला, नोकरी.

२२ एप्रिल

मला राग येतोय. जेवण जात नाही. आज मी मशीनचा प्लग परत लावला.

२४ एप्रिल

आता मी काही दुरुस्त करत नाही. प्रतापराव आले की मशीन चालू करते आणि त्याचं तोंड केबिनकडे करते. ते आत घामानं निथळतात. डोळे लाल झालेत. डॉक्टरांकडे जाऊन आले, काही निघालं नाही. मला बरं वाटतं. हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही.

पडद्यावर आता दारावर दोन हात दिसतात.

२६ एप्रिल

दुकानातली रॅमची एक जोडी सापडत नव्हती. प्रतापरावांनी सगळ्यांसमोर माझी बॅग टेबलावर उलटी केली. डबा, ओढणी, ही डायरी. काही मिळालं नाही. सॉरी नाही म्हणाले. जोडी त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होती.

घरी येऊन आत्याला काही सांगितलं नाही. मनकर्णाबाईंना मनातल्या मनात म्हटलं, मावशी, जे करायचंय ते करा.

२९ एप्रिल

लिहून ठेवते.

मशीन थंड खोलीत होतं. कालच प्रतापरावांनी तिथं ठेवायला लावलं, प्लग काढून. आज दुपारी त्यांनी विचारलं की पंख्याचा आवाज कुठून येतोय. मी म्हटलं, मागून. ते हातोडी घेऊन उठले. त्या खोलीत वर्षभरात पहिल्यांदा गेले. दार त्यांच्यामागे लागलं.

हातोडीचा आवाज आला नाही. मग दार वाजायला लागलं.

संदेश बँकेत गेला होता. मी एकटी. कडी घातलेली नव्हती, मला दिसत होतं. नुसतं ढकलायचं होतं. ते आतून म्हणत होते, "उघड. पोरी, उघड. जळतोय मी."

मी स्टुलावर बसून राहिले. दार वाजत होतं. मी त्याच्याकडे बघत होते. नागसेनचं नाव घेतलं मी, मोठ्यानं.

मग थांबलं.

३० एप्रिल

काल संदेश बँकेतून आला, त्यानं दार बोटानं ढकललं आणि ते उघडलं. आत एसी सोळावर. त्यांना ओढून काढताना संदेशचे दात वाजत होते, आणि प्रतापरावांच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता. जीव आधीच गेला होता. डॉक्टर उष्माघात म्हणाले. पोलिसांनी मला विचारलं, आवाज आला का? मी नाही म्हणाले.

झालं. न्याय झाला. मी शांत झोपणार आहे.

३ मे

मनकर्णाबाई मशीन न्यायला आल्या. मीच चालू करून दाखवलं. तापमान छत्तीस. पडदा स्वच्छ. त्यांनी कॅबिनेटवरून हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा.

मला वाटलं, त्या मला जवळ घेतील. त्यांनी विचारलं, "तू कुठं होतीस तेव्हा?"

बाहेरच होते, म्हटलं. आवाज आला होता? हो, म्हटलं. तुमच्यासाठीच नाही उघडलं, मावशी.

 मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्याला तसलं काही कळत नाही, पोरी. दार वाजतंय आणि बाहेरचं माणूस उघडत नाही, एवढंच कळतं त्याला."

मी म्हटलं, तुम्ही सांगा ना त्याला. त्या म्हणाल्या, मी त्याला एकट्या मालकाचंच नाव सांगितलं होतं. आता तो माझं ऐकत नाही.

मशीन घेऊन गेल्या.

५ मे

संदेशला ताप. त्याच्या आईचा फोन आला होता. अंगावर बर्फ ठेवला की लगेच पाणी होतं म्हणे. न्हाणीघरातून बाहेर येता येईना म्हणून ओरडत होता आणि दाराला कडीच नव्हती. ती रडत विचारत होती, दुकानात काय झालं?

मी फोन ठेवला.

६ मे

संदेश गेला. सकाळी.

नांदेडला निघायचं. पप्पांना म्हटलं, उद्याच्या गाडीनं येते. त्यांनी कारण विचारलं.  आत्याही विचारते. काय सांगू —

मोबाइलवर हिरवे-जांभळे चौकोन. आधी दोनच. मोबाइल बंद केला तरी —

७ मे

सकाळ. बॅग भरली. गाडी दुपारची.

मोबाइलचा पडदा पूर्ण भरला. खिडकी दिसते. पलंग. पलंगावर कुणीतरी वाकून लिहितंय —

मीच.

उकडतंय. पंखा फिरतोय, खिडकी उघडी आहे. वारा अंगाला लागत नाही. पाण्याची बाटली तोंडाला लावली, जीभ पोळली.

दार उघडत नाही. ओढलं, ढकललं. वाजवते आहे. एका हातानं वाजवते आहे आणि एका हातानं — कुणाला तरी कळू दे —

नागसेनदादा, मी तुझ्याच बाजूनं होते. मी तुझ्या —

शाई पसरते. कागद गरम —

आत्या आली. दारापाशीच आहे. विचारते आहे, प्रणिता, का ओरडतेस. म्हटलं, उघड. आत्या, उघड लवकर. ती हसते आहे, म्हणते आहे, अगं वेडे, दार तर सताड उघडं आहे, मी समोर तर उभी आहे, ये की बाहे