हिरालालच्या लग्नाची करवली

अकोला, ता. १२ मार्च १९३४

ती. चंपतमामांस पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात नर्सचं शिकणं बरं चाललं. हिरालालदादाचं लग्न ठरलं, लय आनंद झाला. पण त्यानंच लिहिलं का, मानोऱ्याचे सोयरे जाईपर्यंत मी मागच्या खोलीत राहावं, माझे घारे डोळे पाहून लग्न मोडंन, असं मामी म्हणते. मामा, मले राग नाही आला. इचारायचं हाय. इथल्या मडमाही मले आपल्या पंगतीत घेत नाहीत, तू तिकडची म्हणतात. तिकडची म्हंजे कुठची? माझा बाप कसा होता? खाये काय? आपली बोली त्याले येत होती काय? आई गेली तवा मी रांगत होती, तिले इचारणं राहूनच गेलं.

तुमची लोभाची पोर,
पंचफुला

किन्हीराजा, ता. २० मार्च १९३४

चि. पंचफुलीस अ. आ.

तुझा बाप कारंज्याच्या कापसाच्या जिनात इंजिन पाहे. तुझी आई तिथं कापूस निवडाले जाये. पाद्र्यानं लग्न लावलं. गोऱ्यांनी त्याले तोडलं, जातीनं आमाले. तवा मामीच्या हातचं पाणी कोणी पेत नव्हतं, म्हणून मामी अजून भेते. तो मळ्यात येऊन वांग्यासंग ठेचा खाये, डोळे पुसे अन् आणखी मांगे. बोली शिकला, पण 'ळ' काही जमला नाही. मळ्याले 'मला' म्हणे. तुझ्या जन्माआधीच तापानं गेला.

करवली तूच, असं मी मामीले सांगतलं. उठून चुलीपाशी गेली. तू मात्र ये.

मामाची माया हायेच,
चंपत

अकोला, ता. ३० एप्रिल १९३४

ती. मामांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचली. तुमी मांडवाच्या त्या टोकाले होते, म्हणून सांगते. मी करवलीचा करा घेऊन उभी होती. नवरीच्या आत्यानं मोठ्यानं इचारलं का ही भुरी पोर कोणाची. तवा मामीच पुढं आली. म्हणाली का माझ्या नणदेची पोर हाय, बाप गोरा होता, अन् आणखी काही इचारायचं असंन तर जेवल्यावर इचारा, भात थंडा होऊन राह्यला. आत्या हासली, अन् पंगतीत मले जवळ बसवून बापाचं इचारत राह्यली. तुमी लिहिलेलं समदं मी सांगतलं.

निघताना मामीनं पदरात करंज्या बांधल्या. आजपर्यंत मी सुट्टीत घरी आली का मामी इचारे, कधी जाशीन? यावेळी बैलगाडीमागं चालत आली अन् इचारलं, कधी येशीन?

दिवाळीले येते म्हणा मामीले.

तुमची,
पंचफुला