ओटीवरचा पट आणि दोन साक्षीदार

मी, दयाराम बुधाजी म्हात्रे, वय सत्तरीपुढे, पूर्वीचा धंदा मिठागर, राहणार पोयनाड, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. श्वास पुरत नाही, अक्षर हलते, पण डोके ठिकाणावर आहे. आज सकाळीच मुलगी कोकिळा हिला बुद्धिबळात हरवता हरवता राहिलो. कोणाचा दाब नाही. घाई मात्र आहे. अलिबागचे डॉक्टर माझ्याशी बोलायचे सोडून मुलाशी बोलू लागले, तेव्हाच मी समजलो.

भातशेत आणि मिठागरातला माझा हिस्सा मुलगा सदू यास. तो मुंबईस गोदीत असतो, पण लावणीला न चुकता येतो. माझी फावडी त्याने भंगारात घालू नयेत. मिठात राबणाऱ्या कोणाला तरी द्यावीत.

राहते घर, तिच्या आईचे दागिने आणि माझी शाळेची वाचनपुस्तके कोकिळेस. त्यांतल्या कविता मला अजून तोंडपाठ आहेत. गुरुजी म्हणायचे, "दयाराम, तू चालीवर म्हणतोस छान, अर्थ मात्र वाऱ्यावर सोडतोस." खरेच होते. अर्थ मला पुढे मिठागरावर भेटले, पांढऱ्या राशींमध्ये एकटाच मोठ्याने म्हणताना.

घराची ओटी मात्र जिल्ह्याच्या बुद्धिबळाच्या निवड-स्पर्धेसाठी राखून ठेवावी. स्वातंत्र्य आले त्या हिवाळ्यात ती इथेच सुरू झाली. इथे जिंकेल त्याने मुंबईस जायचे आणि राष्ट्रीय स्पर्धेत शिरण्यासाठी खेळायचे. माणसे होडीने, बैलगाडीने यायची. आधी शेतात पोपटी लागायची, मडक्यात भरून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगांची. मडके उपडे झाल्याशिवाय कोणी पटावर बसत नसे. माझी पत्नी कै. केसर म्हणायची, "गोऱ्यांचा राजा गेला, नि यांचे लाकडाचे राजे माझ्या ओटीवर आले!" काय ते दिवस! दुपारभर कोणी बोलत नसे, आणि ती शांतता मला कवितेसारखी वाटे.

१९५६ साली शेवटचा डाव थळचा शिवदास आणि म्हसळ्याचा हिरामण यांच्यात पडला. नियम मुंबईच्या बुद्धिबळ संघटनेचे, सर्वांना वाचून दाखवलेले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. मुंबईच्या नियमांत ती नाही. डाव रंगला आणि हिरामणने सवयीने राजा उडवला. शिवदासने सवयीनेच मान डोलावली आणि पुढची चाल केली. सगळी ओटी बघत होती, मीही बघत होतो; कोणालाच काही खटकले नाही. हिरामण जिंकला. तेवढ्यात मुंबईचे पंच जेवून आले, लिहिलेल्या चाली वाचल्या आणि म्हणाले, "हा राजा इथे आला कसा?"

शिवदास उठलाच. "चाल खोटी! डाव माझा!"

"मंग तवा मुंडी कशाला हलवलीस? तोंडात पोपटी व्हती काय?" हिरामण म्हणाला.

"तुजा राजा हाय का बेडूक?"

पंचांनी डाव रद्द केला आणि जिल्ह्यातून कोणालाच नेले नाही. तेव्हापासून थळला एक स्पर्धा भरते, म्हसळ्याला दुसरी. मुंबई दोन्हींना मानत नाही.

या वैरात माझी पोर अडकली. तिला दोघांनीही शिकवले, एकमेकांना टाळून, वेगवेगळ्या वारी येऊन. आज ती दोघांनाही हरवते, पण खेळणार कुठे? आता मुंबईने कळवले आहे की पाडव्याला दोघांच्या संमतीने एकच स्पर्धा झाली तर ठीक, नाहीतर जिल्ह्याचे नाव कायमचे काढले जाईल. संमतीच्या कागदावर नाव मागायला मी दोघांच्या दारी गेलो. शिवदास म्हणाला, "दादा, जीव माग, देतो. त्याच्यासंगती नाव मागू नको." हिरामण म्हणाला, "त्याच्या नावाखाली माझं नाव? न्हाय." मी मोठा असून त्याच्या पायांना हात लावला. त्याने मला उठवले, पाणी दिले, आणि पुन्हा न्हायच म्हणाला. हे कोकिळेस कळू देऊ नये.

म्हणून लिहितो की या मृत्युपत्राला साक्षीदार हे दोघेच. त्यांची इथली सही हीच पाडव्याच्या स्पर्धेस त्यांची संमती समजावी. तिसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही. दोन साक्षींवाचून हा कागद रद्दी होईल, घराच्या वाटण्या होतील, सदू आपला वाटा विकील. त्याला बोल लावता येणार नाही. त्यालाही पोरेबाळे आहेत. ओटी जाईल, आणि कोकिळा चुलीपुढे बसून मनातल्या मनात डाव मांडत राहील.

आत्ता दोघेही समोर आहेत, एकमेकांकडे पाठ करून. कोकिळेने ठेवलेला चहा गार झाला. शिवदासा, हिरामणा, माझ्यापाशी याहून दुसरी चाल उरलेली नाही. माझ्या माघारी भांडा हवे तेवढे. पण आज सही करा रे.

ठिकाण : पोयनाड
दिनांक : १० फेब्रुवारी १९६३
सही : दयाराम बुधाजी म्हात्रे

साक्षीदार :

१. दयारामदादांनी माझ्यासमोर सही केली. पाडव्याला पट मांडायला मी येईन. त्या डावाचा निकाल मला आजही मान्य नाही.
शिवदास नाखवा, थळ

२. वरीलप्रमाणे.
हिरामण धोंडू मांडवकर, म्हसळा